गरवायला जागा निवडताना: आधी ओहोटी बघा

मांडवीच्या जेट्टीवर पाणी खोल, म्हणून रत्नागिरीत गरवायला (गळाने मासे पकडायला) तीच जागा, असं एक मत आहे. ते मला अर्धंच पटतं. पोरांना घेऊन बसायला ती उत्तम. पण नुसत्या खोलीमुळे मासा थांबत नाही. त्याला आडोसा आणि वाहतं पाणी लागतं. तळ कसा आहे हे भरतीला कळत नाही, म्हणून नवी जागा मी आधी गरी (गळ) न घेता उधाणाच्या, म्हणजे अमावस्या-पौर्णिमेच्या आसपासच्या मोठ्या ओहोटीला पाहून येतो. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते (थोडं मागेपुढे होतं). द्वितीयेला दुपारी दीड वाजता भरती, म्हणजे त्याच्या सहा-सव्वासहा तास आधी, सकाळी सव्वासातच्या सुमारास पाणी पुरतं उतरलेलं आणि उजेडही छान. तेव्हा रत्नागिरीजवळच्या मिऱ्याकडच्या खडकांतल्या घळी, कालवं (शिंपले) चिकटलेले धारदार कातळ, मधली वाळूची पट्टी, सगळं उघडं दिसतं. मोबाइलवर फोटो काढून ठेवा. तांबोशी, गोबरा हे मासे अशाच घळींच्या तोंडाशी असतात आणि दोरी तुटते ती त्या कालवांवर घासूनच.

रत्नागिरीच्याच भाट्याच्या खाडीचं गणित वेगळं. तिथे भरती फिरून पाणी बाहेर पडू लागलं की बोय (एक मासा), कोळंबी त्याबरोबर खाली येते आणि मोठा मासा धारेच्या कडेला टपून राहतो. धारेच्या मधोमध टाकण्यापेक्षा त्या कडेला टाका. पावसाळ्यात मुखाजवळची वाळू सरकते, तेव्हा गेल्या वर्षीच्या भरवशावर पाण्यात उतरू नका, आणि खडकावर शेवाळाचा काळपट ओला पट्टा दिसला तर त्यावर पाय न ठेवता त्याहून उंच, कोरड्या जागी उभे राहा.