युद्ध चालू असताना मोबाइल खिशात ठेवता येत नाही का?

कृष्णाकाठ
«वाहिन्या विकल्या गेल्यात. ऑपरेशन सिंदूरच्या वेळी सामान्य माणसाच्या मोबाइलनंच देशाला खरं दाखवलं आणि जनमत घडवलं.» कालची ही पोस्ट वाचल्यापासून डोकं तापलंय. जनमत घडवलं, पण कशाच्या जोरावर? हजिरा बंदरावर हल्ला झाला म्हणून आमच्या भावकीच्या ग्रुपवर फिरलेला व्हिडिओ २०२१ मधल्या तेलाच्या टँकरच्या स्फोटाचा निघाला. पीआयबीचा, म्हणजे सरकारच्या माहिती कार्यालयाचा, खुलासा येईपर्यंत सुरतेला कामाला असलेल्या पोराच्या आईनं रडून रडून जीव अर्धा केला होता. तो खुलासा पुढं एकानंही पाठवला नाही.
त्यात रणगाडे लादलेली मालगाडी दिसली की लगेच रील, आणि मागं स्टेशनची पाटी स्पष्ट! माझा भाऊ फौजेत आहे. त्याची तुकडी कुठं हलली ते घरच्यांनाही कळत नाही आणि ही पोरं जगाला सांगतात.
युक्रेनच्या कीव्हमध्ये रेट्रोव्हिल मॉलजवळच्या लष्करी गाड्यांचा टिकटॉक एकानं टाकला होता. मार्च २०२२ मध्ये रशियानं तो मॉल उडवला, किमान आठजण गेले. युक्रेननं त्याच महिन्यात असं चित्रण पसरवणं गुन्हा ठरवलं. आपल्याकडंही तेच हवं.

तवीकाठची
दादा, मी तेव्हा जम्मूत होते, नवऱ्याची तिथं बदली होती. ८ मेच्या रात्री वीज गेली, वर लाल ठिपके आणि धडाके. त्याच रात्री तुमच्या वाहिन्या काय सांगत होत्या? कराची बंदर बेचिराख, पाकिस्तानी लष्करप्रमुख मुनीरला अटक! आम्ही पलंगाखाली, आणि स्टुडिओत जल्लोष.
७ मेला सीमेवरच्या पूंछमध्ये पाकिस्तानी तोफगोळ्यांनी एका मदरशातले शिक्षक गेले. वाहिन्यांनी त्यांनाच दहशतवादी ठरवलं. पूंछ पोलिसांना खुलासा काढावा लागला. हे कुठल्या रीलवाल्या पोरानं केलं, सांगा. तिथली फुटलेली घरं मी पाहिली ती शेजारच्यांच्या मोबाइलवर.

गिरगावकर
त्या वाहिन्यांचा भोंगा कोण विसरेल! दर दोन मिनिटांनी हवाई हल्ल्याचा भोंगा. आमच्या आईनं १९७१ चा ब्लॅकआउट काढलाय, खिडक्यांना काळा कागद चिकटवून. ऐंशी ओलांडलेली बाई उठून दिवे घालवत फिरत होती. शेवटी १० मेला सरकारला सांगावं लागलं की कार्यक्रमांत भोंगा वाजवू नका.

निवृत्त हवालदार
मग टीव्ही बंद करायचा ना साहेब! रिमोट तुमच्याच हातात होता.

गिरगावकर
बंद केला, मग शेजारच्या घरातून ऐकू यायला लागला. आणि प्रश्न रिमोटचा नाही. खरा भोंगा वाजला असता तर त्या रात्री कुणी जागचं हललं असतं का? लोकांना त्या आवाजाची सवय लावली, हा गुन्हा आहे.

मिरजेची सून
अगदी! आमचा धाकटा पाच वर्षांचा. अजून रुग्णवाहिका गेली की कानावर हात ठेवतो.

निवृत्त हवालदार
मुलाला रात्री बातम्यांपुढं बसवलं कुणी?

मिरजेची सून
घरात सासरे बातम्या लावतात काका, दोनच खोल्या आहेत. दुसऱ्याच्या घरात डोकावून शिकवू नका.

निवृत्त हवालदार
बरं, राहिलं. मुद्द्यावर येतो. तेव्हाचे संरक्षण दलप्रमुख जनरल अनिल चौहान सिंगापुरात म्हणाले की सैन्याचा १५ टक्के वेळ खोट्या माहितीला तोंड देण्यात गेला. तो वेळ वाहिन्यांनी खाल्ला की मोबाइलवाल्यांनी, सीमेवरच्या जवानाला फरक पडत नाही. दोघांनाही आवरा.

तवीकाठची
आवरा म्हणजे काय? जुलै २०१४ मध्ये युक्रेनवर मलेशियाचं विमान पाडलं, २९८ माणसं गेली. रशिया हात झटकून मोकळा. ते पाडणारं ‘बुक’ नावाचं विमानविरोधी क्षेपणास्त्र कुठून आलं आणि कुठल्या रस्त्यानं गेलं ते शोधलं बेलिंगकॅट या इंटरनेटवरच्या शोधपत्रकारांच्या गटानं, गावकऱ्यांनी सहज काढलेल्या फोटो-व्हिडिओंवरून. पुढं २०२२ मध्ये नेदरलँड्सच्या कोर्टानं तिघांना दोषी ठरवलं. लष्करी गाडीचं चित्रण गुन्हा असता तर हे फोटो कुणी काढले असते?

कृष्णाकाठ
ताई, तिथं महिनोन्महिने बसून एकेक फोटो ताडून पाहिला. आमच्या ग्रुपवर कोण ताडतं? तुमचं एवढं मान्य करतो की पूंछच्या बाबतीत वाहिन्यांनी पाप केलं. पण त्यानं रीलवाला पवित्र होत नाही. चित्रण करा, जपून ठेवा, आठवड्यानं टाका. भावाचा जीव माझ्यासाठी तुमच्या लाइकपेक्षा मोठा आहे.

तवीकाठची
लाइकसाठी कोण बोलतंय? रणगाड्याची रील टाकू नये, हे माझंही म्हणणं. पण स्वतःच्या फुटलेल्या घराचा व्हिडिओ आठवडाभर दाबून का ठेवायचा? त्या शिक्षकांच्या घरच्यांनी आठवडा गप्प बसून काढला असता, तर तोवर गल्लीत त्यांना कुणी उभं केलं असतं का, तेवढं सांगा.