मदत हवी आहे: गर्भनिरोधक गोळ्यांचा ब्रँड बदलायचा आहे, पण मात्रा तीच ठेवून

मैत्रिणींनो, आणि इथे कुणी डॉक्टर किंवा फार्मासिस्ट असतील तर त्यांनीही, कृपया वाचा.

चार वर्षं मी ड्रॉस्पिरेनोन ३ मिग्रॅ आणि इथिनिल एस्ट्राडायोल ०.०३ मिग्रॅ या दोन हार्मोनची गोळी घेतेय. पीसीओएस (अंडाशयाचा, हार्मोन बिघडण्याचा त्रास) आहे, शिवाय इतक्यात मूल नको आहे. डॉक्टरांनी लिहून दिलेला ब्रँड महाग आहे. नवऱ्याची नोकरी गेल्यापासून दर महिन्याचा तो खर्च जड जातो. म्हणून परवा केमिस्टकडे यातलीच स्वस्त गोळी मागितली. "ताई, कंटेंट सेम आहे, फक्त कंपनी वेगळी," म्हणत त्याने पाकीट पुढे केलं. किंमत निम्म्याहून कमी!

घरी आल्यावर दोन्ही पाकिटं ओट्यावर शेजारी ठेवली. अक्षर इतकं बारीक की मोबाईलवर फोटो काढून मोठा करून वाचलं. ड्रॉस्पिरेनोन दोन्हीकडे ३. पण त्याखाली इथिनिल एस्ट्राडायोलचा आकडा जुन्यावर ०.०३, नव्यावर ०.०२. आणि गोळ्या २१ नाहीत, २८. २४ गुलाबी आणि शेवटच्या ४ पांढऱ्या, ज्यांत हार्मोन नसतंच.

म्हणजे ही माझ्या गोळीची जेनेरिक (तेच औषध, तेवढ्याच मात्रेत, दुसऱ्या कंपनीचं) नव्हेच, वेगळीच गोळी आहे. मी २१ संपल्या की सात दिवस थांबते. सवयीने या २८ संपवून वर पुन्हा सात दिवस थांबले असते तर हार्मोनशिवाय ११ दिवस गेले असते. दिवस राहायला तेवढी फट पुरते. विचार केला तरी अजून धस्स होतं. गोळ्या मोजून बघा, असं कुणीतरी सांगायला हवं होतं.

ते पाकीट परत केलं. दुसऱ्या दुकानात नेमकी ३ आणि ०.०३ ची, २१ गोळ्यांची जेनेरिक मिळाली आहे.

जाऊबाई म्हणतात, आशाताईंकडून (आरोग्य कार्यकर्तीकडून) माला-एन ही सरकारी गर्भनिरोधक गोळी घे, फुकट मिळते. त्यांनी स्वतः ती बरीच वर्षं घेतली, काही त्रास झाला नाही. पण तिच्यात ड्रॉस्पिरेनोनऐवजी लेव्होनॉर्जेस्ट्रेल हे वेगळं हार्मोन आहे (आणि शेवटच्या सात गोळ्या लोहाच्या). गर्भ राहू नये यासाठी ती उत्तमच. मला मात्र हनुवटीवरचे केस आणि मुरुमं यांसाठी मुद्दाम ड्रॉस्पिरेनोन दिलं आहे, ते स्पायरोनोलॅक्टोन या, अशाच त्रासावर देतात त्या औषधाच्या कुळातलं.

आणखी एक. जेनेरिकमध्ये औषध वीस टक्के कमी असू शकतं, असं एका नातेवाइकाने घाबरवलंय. मी वाचलं त्याप्रमाणे ८० ते १२५ टक्के ही मर्यादा गोळीत किती औषध भरलंय याची नसते. मूळ गोळीच्या तुलनेत औषध रक्तात किती उतरतं, हे तपासताना ती लावतात. बरोबर ना?

आता खरा प्रश्न. कुणी नेमक्या याच मात्रेत ब्रँडवरून जेनेरिकवर आलं आहे का? पहिल्या एक-दोन महिन्यांत मधेच डाग दिसले का, पाळीची तारीख हलली का? की काहीच फरक पडला नाही? आणि सुरुवातीला कंडोमही वापरायला सांगितलं होतं का? मात्रा तीच आणि एकही दिवस चुकला नाही तर गरज नसावी, असं मला वाटतं, पण खात्री हवी आहे.

जुन्या पाकिटातली शेवटची गोळी गेल्या रविवारी घेतली, येत्या सोमवारी नवीन सुरू करायची आहे. डॉक्टर गुरुवारी भेटणार. त्यांना दाखवायला जुनं आणि नव्या जेनेरिकचं, दोन्ही पाकिटं पर्समध्ये ठेवली आहेत. आणखी काय विचारू, तेही सांगा.