सिलिकॉन व्हॅली बाहेरून आलेल्यांनी उभी केली म्हणतात, कितपत खरं?

कट्ट्यावरचा_बंड्या: काल मित्रांत वाद झाला. एक म्हणतो आपली पोरं गेली म्हणून व्हॅली मोठी झाली, दुसरा म्हणतो छे, स्टॅनफर्ड आणि पैसा आधीपासून होता, हे नुसते नोकरीला गेले. आणि एवढी हुशार माणसं गेल्यावर आपल्याकडे राहिलं काय? जाणकारांनी सांगा.

बे_एरिया_जोशी: दोघंही अर्धे बरोबर. अमेरिकेचा 1965 चा इमिग्रेशन कायदा येईपर्यंत आशियातून फार कमी लोकांना येता यायचं. नंतर लोक एमएस करायला आले, चिप कंपन्यांत चिकटले, पण बढतीची वेळ आली की मॅनेजर भलताच कोणीतरी, मग बरेच जण वैतागून स्वतःच्या कंपन्या काढायला लागले. बर्कले विद्यापीठाच्या अ‍ॅनाली सॅक्सेनियन बाईंनी 1999 मध्ये हिशोब मांडला: 1980 ते 98 मध्ये इथे निघालेल्या टेक कंपन्यांपैकी 24 टक्के चिनी किंवा भारतीय इंजिनियर चालवत होते, नोकऱ्या साधारण 58 हजार. मोजदाद सीईओच्या आडनावावरून केलीय बरं का, त्यामुळे सन मायक्रोसिस्टिम्स ही कॉम्प्युटर कंपनी यात नाही, विनोद खोसला फाउंडर असूनही.

तिरकस: आकडा मान्य. पण ते आले नसते तर त्या कंपन्या निघाल्याच नसत्या हे कुठे सिद्ध होतं? दुसऱ्या कोणी काढल्या असत्या की.

बे_एरिया_जोशी: @तिरकस काही निघाल्या असत्या, हो. पण उलटं उदाहरण बघ. ज्योती बन्सलला स्वतःची कंपनी काढायची होती, ग्रीन कार्डसाठी सात वर्षं थांबला, मग 2008 ला अ‍ॅपडायनॅमिक्स ही सॉफ्टवेअर कंपनी काढली, 2017 ला सिस्कोने 3.7 अब्ज डॉलरला घेतली. त्या सात वर्षांत कोणी दुसऱ्याने ती काढून ठेवली नव्हती ना! एच-1बी म्हणजे नोकरीच्या व्हिसावर असलेल्याचा जीव व्हिसात अडकलेला, धंदा काय काढणार.

औंधकर_मावशी: गेले ते सगळे गेलेच असं नाही रे बंड्या. आनंद देशपांडे अमेरिकेत पीएचडी करून एचपीच्या लॅबमध्ये होते, परत येऊन 1990 मध्ये पुण्यात पर्सिस्टंट ही सॉफ्टवेअर कंपनी काढली. तैवानचं तर विचारूच नका, मॉरिस चँग पंचवीस वर्षं टेक्सास इन्स्ट्रुमेंट्समध्ये काढून गेले आणि 1987 ला टीएसएमसी ही चिप बनवणारी कंपनी काढली. पण तिथे सरकारने शिंचूला सायन्स पार्क 1980 लाच तयार ठेवला होता, परत येणाऱ्याला जागा, वीज, पाणी सगळं हजर. आमच्या हिंजवडीत अजून ट्रॅफिकच सुटत नाहीये 😀

कट्ट्यावरचा_बंड्या: मावशी, हे मित्राला फॉरवर्ड करतो, हिंजवडी सोडून. तो तिथेच आहे, आधीच तापलेला असतो.