कमाल किंमत उतरली, जुन्या पट्ट्यांचं काय?

प्रश्न: माझं औषधांचं दुकान आहे. सरकारच्या किंमत-नियंत्रण यादीतल्या एका गोळीची कमाल किंमत कमी झाली. दुकानातल्या पट्ट्यांवर जुनी एमआरपी छापलेली आहे. ती ग्राहकाकडून घेता येते का?

उत्तर १: नाही. औषध किंमत नियंत्रण आदेश, २०१३ मधलं कलम २६ बघा. चालू किंमत-यादी आणि छापील किंमत, यांत कमी असेल तीच लागू. बॅच नंबर आणि शिल्लक नग लिहून स्टॉकिस्टकडे (घाऊक विक्रेत्याकडे) फरकाची क्रेडिट नोट, म्हणजे तेवढी रक्कम तुमच्या खात्यात जमा केल्याची पावती, लगेच मागा. उशीर झाला की तोटा तुमच्याच गळ्यात.

उत्तर २: मार्जिनचा हिशेबही चुकतो बऱ्याचदा. यादीतल्या औषधांवर दुकानदाराला मिळणारे १६ टक्के हे खरेदीदरावर आहेत. जीएसटी सोडून १०० ची वस्तू ११६ ला, म्हणजे विक्रीवर फक्त १३.८ टक्के. 'सगळ्यावर १५ टक्के सूट' अशी पाटी लावली की यादीतली औषधं घाट्यात जातात. मग ती कमी मागवली जातात आणि पेशंट हेलपाटे घालतो.

उत्तर ३: सुट्या गोळ्यांनाही तोच आदेश. दहाची पट्टी ३० रुपयांची, तर तीन गोळ्या ९ रुपयांनाच. पट्टी कापताना एक्स्पायरीची बाजू दुकानात ठेवा, शेवटपर्यंत.

प्रश्नकर्ता: पण माल असूनही स्टॉकिस्टने दुकानदाराला 'नाही' म्हटलं तर?

उत्तर १: त्याच आदेशाचं कलम २८. सबळ कारणाशिवाय त्याला नाकारता येत नाही.