गर्भपिशवीच्या तोंडाची तपासणी म्हटले की बायका उठून का जातात?

प्रश्न – समुदाय आरोग्य अधिकारी, मराठवाड्यातील एक उपकेंद्र
आमच्याकडे तिशीपुढील लोकांची कर्करोगासाठी तपासणी होते. आशाताई घरोघरी सीबॅक अर्ज (आजारांचा धोका ओळखण्याची प्रश्नावली) भरतात, बायका रक्तदाब आणि साखर तपासून घेतात, तोंडही उघडून दाखवतात, मात्र गर्भपिशवीच्या तोंडाचा, म्हणजे गर्भाशयमुखाचा, विषय निघाला की, "अंगावरून जात नाही, काही त्रास नाही, मग कशाला?" असे म्हणून निघून जातात. मागच्या शिबिरात नाव नोंदवलेल्यांपैकी मोजक्याच आत आल्या. काय करावे?

उत्तर – निवृत्त आरोग्य सेविका
ताई, दवंडी ऐकून कोणी येत नाही. आम्ही यादीतून एकेकीच्या घरी जाऊन, पाळीचे दिवस विचारून, तिच्या नावाची चिठ्ठी देत असू आणि सोयाबीन काढणीच्या दिवसांत कोणाला बोलावतच नसू. दुसरे म्हणजे खोली पाहा. आमच्या उपकेंद्राच्या दाराला कडी नव्हती. एकदा तपासणी चालू असताना एक माणूस तापाच्या गोळ्या मागत थेट आत आला. ती बाई रडत घरी गेली आणि पुढे वर्षभर त्या वस्तीतून कोणी फिरकले नाही. ते मला आजही लागते.

उत्तर – वैद्यकीय अधिकारी, प्राथमिक आरोग्य केंद्र
त्रास नसलेल्या बाईसाठीच ही तपासणी आहे, हे प्रत्येकीला समजावून सांगावे लागते. सौम्य ॲसिटिक आम्ल लावून मिनिटभर थांबले की संशयास्पद भाग पांढरा दिसतो, आणि कर्करोग होण्याआधीचा बदल तेव्हाच सापडू शकतो. मुंबईच्या वस्त्यांमध्ये टाटा स्मारक रुग्णालयाने प्रशिक्षित आरोग्य सेविकांकडून हीच तपासणी करून घेतली, तेव्हा गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. तुमच्या मराठवाड्यातल्याच उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यातील अभ्यासात एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीने (हा कर्करोग घडवणाऱ्या विषाणूच्या चाचणीने) हे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. तो निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाला. तरीही २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील ३० ते ४९ वयाच्या शंभर स्त्रियांपैकी दोघींचीसुद्धा ही तपासणी झालेली आढळली नाही. आणखी एक गोष्ट सांगतो: जिचा भाग पांढरा दिसला, तिला नुसती चिठ्ठी देऊन जिल्हा रुग्णालयात पाठवू नका, आशाताईंना सोबत द्या. एक जण उपचार घेऊन सुखरूप परतली की तिच्या शेजारणी आपणहून विचारायला येतात.

प्रश्नकर्ती
आमच्या खोलीला पडदा आहे, कडी नाही. उद्या सुताराला बोलावते आणि परत गेलेल्यांची नावे घेऊन आशाताईंबरोबर स्वतः त्यांच्या घरी जाते.