‘पॅनिक अटॅक’ला मराठीत काय म्हणायचं?

मूळ प्रश्न

मला चार वर्षांपासून पॅनिक अटॅक येतात. औषधं आणि समुपदेशन दोन्ही चालू आहे, तेव्हा सल्ला नको, शब्द हवा आहे. मागच्या महिन्यात फोनवर मावशीला म्हणाले, ‘काल पॅनिक अटॅक आला होता.’ तिला ‘पॅनिक’ ऐकूच गेलं नाही. आपल्याकडे नुसता ‘अटॅक’ म्हणजे हृदयाचाच. तासाभरात सगळे नातेवाईक हवालदिल!

‘चिंता’ म्हणावं तर ‘एवढी कसली चिंता करतेस?’ आणि ‘भीती’ म्हणावं तर ‘कशाला घाबरलीस?’ मी कशालाच घाबरलेली नसते हो. कपड्यांच्या घड्या घालत असते आणि अचानक छाती धडधडायला लागते, बोटांना मुंग्या येतात, आता आपण मरणार अशी खात्रीच पटते. याला शब्द काय?

(चिता आणि चिंता यांच्यातल्या अनुस्वाराचं सुभाषित कृपया कोणी टाकू नये. पाठ आहे.)

प्रतिसाद

‘घबराट’ लिहिणार होतो, पण घबराट पसरते. तिला गर्दी लागते, अफवा लागते. एकट्या माणसाची उडते ती घाबरगुंडी, आणि ती उडाली की बघणारे हसतात. ‘भयावेग’ कसा वाटतो?

प्रतिसाद

भयावेग छापील वाटतो. शिवाय आवेगात माणूस काहीतरी करून बसतो. इथे हातपाय गळतात. ‘झटका’ही नको. विजेचा, हृदयविकाराचा, वेडाचा. त्या शब्दाची संगत वाईट आहे.

प्रतिसाद

भयगंड?

प्रतिसाद

भयगंड म्हणजे फोबिया. त्याला ठरावीक वस्तू असते: उंची, बंद जागा, कोळी. मी समुपदेशन करते, म्हणून एवढंच सांगते की पॅनिकमध्ये अशी वस्तू असायलाच हवी असं नाही. शरीर धोक्याची घंटा वाजवतं, अ‍ॅड्रेनलिन उसळतं, श्वास भराभर चालतो. त्यामुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि मुंग्या, चक्कर सुरू होते. काही मिनिटांत हे टोकाला जातं आणि मग ओसरतं. १९८० साली अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या डीएसएम-३ या वर्गीकरणात पॅनिक डिसऑर्डरला वेगळी जागा मिळाली. त्याआधी सगळं ‘अँग्झायटी न्यूरोसिस’च्या एकाच गाठोड्यात होतं. मराठीत ‘चिंताविकार’ रूढ होतोय. कागदोपत्री ठीक आहे, पण कळ सोसत असताना कोणी ‘मला चिंताविकार होतोय’ म्हणणार नाही.

एक मात्र सांगायलाच हवं: छातीत पहिल्यांदाच असं काही झालं तर आधी हृदय तपासून घ्यावं. शब्द नंतर शोधता येतो.

प्रतिसाद

नवा शब्द घडवायची गरजच नाही असं माझं मत आहे. व्याकरणाकडे बघा.

‘घाबरणे’ला कर्म लागतं, ‘ला’ लावून: मी कुत्र्याला घाबरतो, परीक्षेला घाबरतो. म्हणून ‘मी घाबरले’ म्हटलं की समोरचा ‘कशाला?’ विचारणारच. तो निष्ठुर नाही, वाक्यातली रिकामी जागा भरतोय. पण आपल्याकडे दुसरी रचनाही आहे: ‘मला घाबरं होतंय’, ‘जीव घाबराघुबरा झाला’. इथे ‘ला’ वस्तूला लागत नाही, माणसाला लागतो. मला मळमळतं, मला गरगरतं, तसंच मला घाबरं होतं. मी ते करत नाही, माझ्यावर येतं. ‘कशाला घाबरं होतंय?’ असं कोणी विचारून बघा, वाक्यच अडखळतं. जुन्या बायका सहज म्हणायच्या, ‘मघाशी जरा घाबरं झालं होतं.’ आपण तो शब्द म्हातारपणाच्या खात्यात टाकून दिला.

गंमत म्हणजे ‘पॅनिक’ची मूळ कथाही हीच. ग्रीकांचा पॅन हा रानावनाचा देव. निर्जन जागी काही न दिसता जी धडकी भरते ती त्याची, अशी समजूत होती. दिसणारं कारण नसणं हे शब्दाच्या पोटातच आहे. ‘अँग्झायटी’ आली लॅटिनमधून, मूळ अर्थ आवळणे, घुसमटवणे. संस्कृतातला ‘अंहस्’ तिचा लांबचा भाऊ. मराठीत त्या अर्थाला सगळ्यात जवळचा शब्द चिंता नव्हे, ‘दडपण’. चिंतेत विचार असतो, दडपणात वजन.

प्रतिसाद

वा. मग धाकधूक, रुखरुख, हुरहूर यांचं काय?

प्रतिसाद

ती सगळी वेगळी. रुखरुख मागे राहून गेलेल्या गोष्टीची, धाकधूक निकालाची. हुरहुरीत थोडा गोडवाही असतो, तिला यात ओढू नका. पुन्हा अटॅक येईल या भीतीने आधीच जीव आखडणं, बाहेर पडणं टाळणं, त्याला मात्र ‘धास्ती’ चपखल बसतो. अटॅक काही मिनिटांचा, धास्ती दिवसभराची. माझ्या अनुभवात जास्त खाते ती धास्तीच.

मूळ प्रश्नकर्ती

हो, धास्ती. मी दुकानात रांगेत उभी राहत नाही ती तिच्यामुळेच.

काल प्रयोग केला. संध्याकाळी सुरू झालं तेव्हा आईला म्हणाले, ‘मला घाबरं होतंय.’ नेहमी ती ‘काय झालं, कोणी काही बोललं का’ सुरू करते. काल तिने खिडकी उघडली आणि शेजारी येऊन बसली. नंतर म्हणाली, तिच्या आईलाही व्हायचं.

आता शंका अशी की ‘घाबरं होतं’ की ‘घाबरं वाटतं’? आई ‘होतं’ म्हणते, मावशी ‘वाटतं’.

प्रतिसाद

‘होतं’. ‘वाटतं’ म्हटलं की लोक ‘तसं काही नसतं गं’ म्हणायला मोकळे होतात.