‘जॉनी बी. गूड’ नेमके रचले कोणी?

कालयात्री:
‘बॅक टू द फ्यूचर’ (१९८५) परवा पुन्हा पाहिला. १२ नोव्हेंबर १९५५ च्या शालेय नृत्यसमारंभात, १९८५ मधून कालयंत्राने तिथे पोहोचलेला मार्टी हा तरुण ‘जॉनी बी. गूड’ हे गाणे वाजवू लागतो, तेव्हा हाताला जखम झाल्यामुळे गिटार त्याच्याकडे सोपवलेला मार्विन बेरी घाईघाईने आपला चुलतभाऊ चक याला फोन लावतो आणि रिसीव्हर रंगमंचाच्या दिशेने धरतो. प्रत्यक्षात रॉक अँड रोलचे गायक-गिटारवादक चक बेरी यांचे हे गाणे १९५८ साली आले. मार्टीने ते चककडून घेतले आणि चकने मार्टीकडून, तर मग ते मुळात सुचले कोणाला?

सावकाश:
विज्ञानकथेतला हा जुना पेच आहे. एखादी गोष्ट भविष्यातून भूतकाळात येते, तिथून पुन्हा भविष्यात पोहोचते आणि तिला उगमच उरत नाही. मात्र या चित्रपटात भूतकाळ बदलला की भविष्यही बदलते. मार्टी परततो तेव्हा त्याचे आईवडील पूर्वीसारखे राहिलेले नसतात. म्हणजे मार्टी १९५५ मध्ये गेलाच नव्हता असा एक मूळ काळ होता, त्यात चकने गाणे स्वतः रचले, आणि मार्टीच्या कानावर पडले ते तेच. माझ्या मते उगम तिथे सापडतो.

जुनी तबकडी:
तर्क पटला, पण त्या फोनचा प्रसंग मला कायम खुपतो. जो ‘नवा आवाज’ मार्विन चकला ऐकवू पाहतो, तो चक बेरी यांना तोवर सापडलेला होता, कारण त्यांचे ‘मेबेलीन’ जुलै १९५५ मध्येच प्रसिद्ध होऊन गाजले होते. ‘जॉनी बी. गूड’ची ती सुरुवातीची गिटारही आभाळातून पडलेली नाही. लुई जॉर्डन यांच्या १९४६ च्या एका ध्वनिमुद्रिकेत कार्ल होगन यांनी वाजवलेली सुरावट ऐका, म्हणजे ती कुठून आली हे लगेच कळेल. नावातला ‘गूड’ हा सेंट लुईसमधल्या गूड ॲव्हेन्यूवरून आला, जिथे चक बेरी यांचा जन्म झाला. गाण्यातला मुलगा आधी ‘कलर्ड बॉय’ (कृष्णवर्णीय मुलगा) होता आणि रेडिओवर गाणे वाजावे म्हणून त्यांनी त्याला ‘कंट्री बॉय’ केले. एका कृष्णवर्णीय कलावंताने आपल्या गल्लीतून, आपल्या पूर्वसुरींकडून आणि आपल्या अनुभवातून घडवलेले हे गाणे त्याला एका गोऱ्या मुलाने फोनवरून ऐकवावे, ही कल्पना कितीही हलक्याफुलक्या हेतूने आली असली, तरी मला ती अन्यायाची वाटते.

कालयात्री:
‘मेबेलीन’ची तारीख माझ्या ध्यानात आली नव्हती. मग मार्विनला भावाचे गाजलेले गाणे ठाऊक नसावे, हेच मुळात अशक्य वाटते.

सावकाश:
खरे आहे. मार्टीच्या हातातली गिब्सन ईएस-३४५ गिटारही १९५५ साली बाजारात आलेली नव्हती, पण ती चूक मी सहज माफ करतो. तबकडी यांनी दाखवलेली बाजू मात्र तशी सोडून देता येणार नाही.